उभे, बसला, पडल्या : तीन कवितांच्या एका प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ही गोष्ट एम.ए. मराठीच्या एका विद्यार्थिनीची आहे. तिच्या परवानगीनेच लिहितेय, ओळख पटेल असे सगळे तपशील काढून टाकलेत आणि पूर्ण लेखात तिला नुसतं ‘ती’च म्हणणार आहे. शेवटच्या सत्रात तिला एक छोटा प्रकल्प करायचा होता आणि मी तिची मार्गदर्शक होते. विषय तिनेच घेतलेला, प्राचीन आणि आधुनिक मराठी कवितेतला आशय आणि अभिव्यक्ती. एवढा अवाढव्य विषय वीस-पंचवीस पानांत बसवायचा म्हणून तिने तीनच कविता निवडल्या, तुकारामांचा ‘सुंदर ते ध्यान’, बालकवींची ‘औदुंबर’ आणि मर्ढेकरांची ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’. म्हणजे सतराव्या शतकातला एक अभंग, मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आठ ओळींची एक निसर्गकविता, आणि मग 1947 च्या ‘काही कविता’ संग्रहातली ती उंदरांची कविता जिच्यावरून अजूनही लोक वाद घालतात.

निवड मला मनापासून आवडली होती. तिन्ही कविता लहान आहेत, पाठ होतात, आणि कविता पाठ असणं ही विश्लेषणाची अर्धी तयारी असते असं माझं ठाम मत आहे. जी कविता आंघोळ करताना, चालताना, झोपायच्या आधी आपोआप तोंडात येत नाही तिच्याबद्दल आपण जे लिहितो ते बऱ्याचदा दुसऱ्या कुणाचं तरी वाचलेलं असतं.

जमा करायच्या 26 दिवस आधी तिचा पहिला ड्राफ्ट आला. 22 पानं, व्यवस्थित टाइप केलेली. सोबत मेसेज होता, ‘मॅडम, अलंकार सगळे शोधलेत, एकही सुटलेला नाही.’

अडचण कुठे होती

ड्राफ्टमध्ये चुका फार नव्हत्या, तरी तो वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. प्रकरण दोन, अभिव्यक्ती. त्यात प्रत्येक कवितेचा एक तक्ता, अनुप्रास कुठे, यमक कुठे, चेतनगुणोक्ती कुठे, ओळ क्रमांकासकट. प्रकरण तीन, आशय. त्यात अभंगासाठी ‘सगुण भक्तीचा उत्कट आविष्कार’, औदुंबरसाठी ‘मृत्यूची चाहूल’, मर्ढेकरांसाठी ‘यंत्रयुगातल्या माणसाची घुसमट’. दोन्ही प्रकरणं एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हती. यमक सापडलं, बरं, मग पुढे? त्या यमकामुळे भक्तीचं काय झालं हे कुठेच नाही.

मी एक साधी टेस्ट नेहमी वापरते. परिच्छेदातलं कवितेचं आणि कवीचं नाव झाकायचं आणि तो परिच्छेद दुसऱ्या एखाद्या कवितेला चिकटवून बघायचा. चिकटला तर तो विश्लेषणाचा परिच्छेद नाही. तिच्या मर्ढेकरांवरच्या दोन पानांतली जवळजवळ सगळी वाक्यं त्या काळातल्या कुठल्याही नवकवितेला आरामात चालली असती.

औदुंबरचं प्रकरण त्याहून अवघड होतं. तिचा युक्तिवाद असा, बालकवी 1918 मध्ये वयाच्या 27 व्या वर्षी रेल्वेखाली सापडून गेले, कवितेत काळा डोह आहे, काळिमा आहे, म्हणून ही कविता म्हणजे त्यांना लागलेली मृत्यूची चाहूल. माणूस असा अकाली गेला की त्याच्या ओळी मागे वळून वाचताना आपल्याला सगळीकडे तेच दिसायला लागतं, हे होतंच, मलाही व्हायचं. पण कवी ओळ लिहितो तेव्हा त्याला स्वतःचा शेवट माहीत नसतो. चरित्रातलं दुःख उचलून कवितेत ठेवलं की कविता वाचायचं कामच उरत नाही, उत्तर आधीच हातात असतं.

आणि एक खरीखुरी चूकही होती, लहान पण महत्त्वाची. पिपांतल्या कवितेबद्दल तिने लिहिलं होतं, ‘ओले उंदीर मरून पडले आहेत’. मूळ ओळीत ‘ओले’ नाहीये, ‘ओल्या’ आहे. यावर पुढे येतेच.

यात तिचा दोष मी फारसा धरत नाही. शाळेपासून आपल्याला ‘पुढील ओळींतील अलंकार ओळखा’ एवढंच विचारलं जातं, ओळखला की मार्क मिळतात आणि प्रश्न संपतो. दहा-बारा वर्षं ही सवय लागलेल्या मुलीला अचानक ‘अर्थ कसा घडतो ते सांग’ म्हटलं तर ती यादीच करणार.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सरळ होता, डागडुजी. दोन प्रकरणांमध्ये चार जोडवाक्यं घालायची, ओल्या-ओले दुरुस्त करायचं, संदर्भ नीट लावायचे आणि जमा करायचं. पास नक्की झाली असती, मार्कही बरे आले असते. तिला सुरुवातीला हेच हवं होतं आणि 26 दिवस हातात असताना ते चुकीचं होतं असंही मी म्हणणार नाही.

दुसरा, एखादा सिद्धांत घ्यायचा आणि तिन्ही कविता त्यातून वाचायच्या. रससिद्धांत होता, किंवा मर्ढेकरांचंच सौंदर्यशास्त्र, संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांचं. या पर्यायाचा मोह मला फार झाला, कारण मर्ढेकरांची कविता मर्ढेकरांच्याच फूटपट्टीने मोजायची ही कल्पना दिसायला देखणी आहे. पण ती आधीच अलंकारांच्या साच्यात अडकलेली होती, तिला अजून एक साचा दिला असता तर तक्त्याचे कॉलम फक्त बदलले असते.

तिसरा पर्याय माझा होता. दोन कविता सोडून दे, एकट्या औदुंबरवर लिही, आठ ओळींवर वीस पानं. तिने ठाम नकार दिला. तिचं म्हणणं, तुलना हाच विषय आहे मॅडम, एकच कविता घेतली तर विषयच बदलतो. मी दोनदा आग्रह केला आणि मग सोडला.

चौथा, फाइल बंद करायची. पुस्तकं, समीक्षा, नेटवरच्या नोट्स सगळं बाजूला, आणि कविता पहिल्यापासून कानाने वाचायच्या. जोखीम उघड होती, हातात काहीच न लागता आठवडा गेला तर डेडलाइनला जुना ड्राफ्टच जमा करावा लागला असता. शेवटी आम्ही हाच घेतला पण एक अट ठेवून, जुनी 22 पानं जपून ठेवायची, दहा दिवसांत काही निघालं नाही तर पहिल्या पर्यायावर परत यायचं. या अटीमुळे ती निर्धास्त झाली असं तिने नंतर सांगितलं, आणि परत यायची वाट मोकळी आहे हे माहीत असलं की माणूस जास्त धीटपणे वाचतो हे मीही तेव्हा पाहिलं.

काय केलं

चार दिवस तिने फक्त मोठ्याने वाचायचं आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून मला पाठवायचं. सोबत वहीत तीन रकाने. एकात कवितेतली सगळी क्रियापदं, दुसऱ्यात डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी, रंगांसकट, आणि तिसऱ्यात ‘वाचताना मी कुठे अडखळले’. तिसरा रकाना तिला निरर्थक वाटला होता, अडखळणं म्हणजे आपलीच चूक असं तिचं म्हणणं. पण पुढचं जे काही झालं ते सगळं त्या रकान्यातून झालं.

दुसऱ्या दिवशी औदुंबरचं रेकॉर्डिंग आलं. पहिल्या चार ओळी झुळझुळ, ‘ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन’, अगदी झऱ्यासारख्या. मग पाचवी ओळ, ‘पायवाट पां...’ आणि थांबली. परत, ‘पायवाट पां... ढरी तयांतुनि’. तिसऱ्यांदा नीट म्हटली आणि पुढे गेली. वहीत तिने लिहिलं, ‘ओळ 5, माझा श्वास चुकला.’

मी तिला मात्रा मोजायला लावल्या. ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन, जोडाक्षरामुळे आधीच्या अक्षरावर आघात येत असेल तर त्याच्या दोन, एवढंच. ओळीओळीची रचना 8, 8 आणि 11 अशी निघाली (काही ओळींत शेवटचं अक्षर लांबवायचं धरून). ‘चार घरांचे’ आठ, ‘गांव चिमुकले’ आठ, ‘पैल टेकडीकडे’ अकरा. ‘शेतमळ्यांची’ आठ, ‘दाट लागली’ आठ. प्रत्येक ठिकाणी आठ मात्रा संपतात तिथे शब्दही संपतो, म्हणून जीभ आपोआप टेकते आणि पुढे जाते. पाचव्या ओळीत ‘पायवाट पां’ इथे आठ मात्रा भरतात! शब्द अर्धाच झालाय. ‘पांढरी’ हा शब्द यतीच्या, म्हणजे ओळीतल्या ठरलेल्या थांब्याच्या, मधोमध आडवा पडलाय, आणि ओळ काय सांगतेय, ‘पायवाट पांढरी तयांतुनि अडवी तिडवी पडे’. म्हणजे वाट शेतातून अडवीतिडवी जाते तेव्हाच ओळही स्वतःच्या आखीव खुणेवरून वाकडी जाते. पुढची ओळ बघा, ‘हिरव्या कुरणा|मधुनि चालली’, इथेही आठ मात्रा ‘कुरणामधुनि’ या शब्दाच्या पोटात संपतात, पण मूळ शब्द आणि त्याला लागलेलं शेपूट यांच्या सांध्यावर, त्यामुळे ठेच हलकी लागते. सातव्या ओळीपासून परत सगळं जागच्या जागी. आठ ओळींत फक्त दोन ठिकाणी हे झालंय आणि त्या दोन्ही ओळी वाटेच्या आहेत.

तिचा श्वास चुकलाच नव्हता. कवितेने तिला तिथे अडवलं होतं.

फोनवर ती एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली, ‘म्हणजे मी बरोबर अडखळले?’ हे वाक्य मी विसरणार नाही.

मग रंगांचा रकाना. हिरवाळी, निळासांवळा झरा, हिरवी गरदी, पांढरी वाट, हिरवं कुरण, काळा डोह, आणि शेवटी काळिमा. तिच्या आधीच्या ‘मृत्यू’च्या अर्थाला इथे खरा आधार होता, रेल्वे अपघातापेक्षा कितीतरी पक्का, कारण हा आधार कवितेच्या आतला आहे, डोळा ऐल तटावरून निघून उजेडातून काळोखाकडे सरकतोय. पण तो काळिमा ‘गोड’ आहे हे तिने पहिल्या ड्राफ्टमध्ये वगळलं होतं. एक शब्द अडचणीचा होता म्हणून गाळला गेला होता, मुद्दाम नाही, ठरलेला अर्थ घेऊन वाचलं की असले शब्द दिसतच नाहीत.

मर्ढेकरांची ओळ आम्ही तशीच कानाने घेतली. ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’. ती ‘ओल्या’वर दरवेळी किंचित थांबायची. मी विचारलं, कोण ओलं आहे? ती म्हणाली, उंदीर. मग ओले उंदीर व्हायला हवं ना. ‘ओल्या’ हे सामान्यरूप आहे, ते ‘पिपांत’शी जुळतं, ओल्या पिपांत. विशेषण आपल्या नामापासून तुटून उंदरांच्या अंगाशी येऊन पडलंय. आपण घाईत वाचतो तेव्हा ओलेपणा उंदरांना लागतो, थांबून वाचतो तेव्हा पिपाला, आणि दोन्ही वाचनं एकाच वेळी अंगावर राहतात. पिपात काय कशाला चिकटलंय ते कळत नाही तसंच वाक्यातही कळत नाही. हे कुठल्याही तक्त्यात बसत नाही कारण याला शाळेतल्या अलंकारांच्या यादीत नाव नाहीये.

दुसरी गोष्ट तिनेच शोधली, माझ्या डोक्यातही नव्हती. पहिल्या कडव्याच्या शेवटी ‘माना पडल्या, आसक्तीविण’, आणि पुढे ‘जगायची पण सक्ती आहे, मरायची पण सक्ती आहे’. आसक्तीमधला ‘आ’ गळला आणि सक्ती उरली. दोन शब्दांचं कूळ वेगळं आहे, एक संस्कृत, एक फारसी, पण कानाला एक दुसऱ्यातून निघाल्यासारखा ऐकू येतो, हवंसं वाटणं संपलं की नुसती बळजबरी उरते. घुसमट हा शब्द न वापरता तिने हे अर्ध्या पानात लिहिलं, आणि घुसमट त्यात होतीच.

अभंगावर वेळ कमी गेला पण तिथेही मोजणी कामाला आली. मोठ्या अभंगाचं माप साधारण 6-6-6-4 अक्षरांचं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक, चौथा आखूड आणि यमकाबाहेर. ‘सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया’, बरोब्बर 6-6-6-4. शेवटचं कडवं, ‘तुका म्हणे माझें / हेंचि सर्व सुख / पाहीन श्रीमुख / आवडीनें’, तेही बरोब्बर. मधल्या दोन कडव्यांत, जिथे तुळसीहार, पीतांबर, मकरकुंडलं, कौस्तुभमणी येतात, तिथे काही चरण सात-सात अक्षरांचे होतात. गाताना ते जास्तीचं अक्षर सहज मिसळून जातं, आणि अभंगाला एवढी ढील असतेच म्हणून यावरून फार मोठा दावा करायचा नाही असं आम्ही ठरवलं. पण दागिने आले की माप थोडं भरून वाहतं एवढं तिने नोंदवलं, ‘असं दिसतं’ या शब्दांत, ‘असं सिद्ध होतं’ या शब्दांत नाही. तिच्या लिखाणात आलेला हा फरक मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

आणि ते ‘पाहीन’. तीन कडवी डोळ्यांसमोर उभं रूप, सगळं वर्तमानातलं, आणि शेवटी भविष्यकाळ. समोर दिसतंय तर ‘पाहीन’ का? आत्ता पाहतोयच की अजून पाहायचंय? ‘सगुण भक्तीचा आविष्कार’ असं म्हटलं की हा प्रश्न पडतच नाही.

मधेच झालेली माझी चूक

हे लिहिल्याशिवाय हा अभ्यास प्रामाणिक होणार नाही. पायवाटेच्या ओळीचा शोध लागला त्या संध्याकाळी मी इतकी आनंदले की व्हिडिओ कॉलवर चाळीस मिनिटं मीच बोलत राहिले. पांढरी वाट काळ्या डोहाकडे जाते म्हणजे काय, त्या वाटेला डोहाची ओढ कशी आहे, झाडाने पाण्यात पाय सोडून बसणं ही कशी विश्रांती आहे, सगळं. ती लिहून घेत होती.

पाच दिवसांनी नवा ड्राफ्ट आला. औदुंबरचं प्रकरण सुंदर झालं होतं आणि ते माझं होतं. ‘ओढ’ हा शब्द सात वेळा, तो तिचा शब्दच नाही, ती ‘खेच’ म्हणते. पहिल्या ड्राफ्टमध्ये ती समीक्षकांची वाक्यं वापरत होती, आता माझी, एवढाच फरक.

इथे निर्णय अवघड होता. जमा करायला नऊ दिवस उरले होते. तसंच ठेवलं असतं तर प्रकल्प चांगला दिसला असता आणि कुणालाही कळलं नसतं. पण तोंडी परीक्षेत या तीन पानांवर प्रश्न आला असता तर तिला माझ्या वाक्यांच्या मागे उभं राहावं लागलं असतं. मी तिला स्पष्ट सांगितलं की ही तीन पानं माझी आहेत, काढ. ती दुखावली. म्हणाली, ‘मॅडम, आधी माझं पुसायला लावलंत, आता तुमचंही पुसायचं?’ तिचा राग रास्त होता, मी तसं तिला म्हटलंही.

त्यानंतरच्या दोन बैठकांत मी एकही विधान करायचं नाही असं ठरवलं, फक्त प्रश्न विचारायचे आणि उत्तराची वाट बघायची. पहिल्या बैठकीत फार अवघडल्यासारखं झालं, मधे मधे मिनिट-मिनिट शांतता. दुसऱ्या बैठकीत मी एवढंच विचारलं, तिन्ही कवितांचे क्रियापदांचे रकाने शेजारी ठेवलेस का कधी? नव्हते ठेवले. तिने वही उलटीपालटी केली, बराच वेळ काहीच बोलली नाही, आणि मग वाचायला लागली. अभंगात देव करतो काय, ‘उभे’. बाकी काही नाही, हातसुद्धा कटावर ठेवलेले. औदुंबरमध्ये झरा वाहतो, वाट पडते, चालते, काळिमा पसरतो आणि सगळ्यात शेवटी झाड ‘बसला’. मर्ढेकरांत ‘माना पडल्या’, तेही दोनदा.

‘उभे, बसला, पडल्या,’ ती म्हणाली. ‘मॅडम, हे तर उतरत गेलंय.’

तिन्ही कवितांच्या मध्यभागी काहीतरी स्थिर आहे. अभंगातलं स्थिर असणं पाहणाऱ्याला सुख देतं, ते मुद्दाम त्याच्यासाठी उभं आहे. औदुंबरचं स्थिर असणं कुणासाठीच नाही, त्याने पाणी जवळ केलंय आणि तो बसलाय, बघणारा लांब. उंदरांचं स्थिर असणं त्यांनी निवडलेलंच नाही, माना मुरगळल्याशिवाय पडल्यात. प्राचीन आणि आधुनिक यांतला फरक तिला ‘भक्ती ते यंत्रयुग’ अशा मोठ्या शब्दांतून सांगायची गरजच उरली नाही, तीन क्रियापदं पुरली. तिसरा पर्याय मी रेटला असता, एकच कविता घ्यायला लावली असती, तर हे निघालंच नसतं. तुलनेचा हट्ट तिचा होता आणि तो बरोबर होता.

शेवटी काय झालं

प्रकल्प 19 पानांचा झाला, जुन्यापेक्षा तीन पानं कमी. अभिव्यक्ती आणि आशय अशी वेगळी प्रकरणं गेली, त्याजागी उभे, बसला, पडल्या अशी तीन आली. चरित्राचं काय करायचं यावर आम्ही शेवटपर्यंत घुटमळलो. शेवटी तिने बालकवींच्या मृत्यूचा उल्लेख एका वाक्यात ठेवला, पुरावा म्हणून नाही, वाचकांना ही कविता तशी का वाटत आली त्याचं कारण म्हणून.

तोंडी परीक्षेत एका परीक्षकांनी नेमका प्रश्न विचारला, मात्रा मोजून अर्थ सिद्ध कसा होतो? तिने दिलेलं उत्तर तिने मला नंतर सांगितलं ते असं. ‘एक तुतारी द्या मज आणुनि’ मोजली तर 8 आणि 8, सोळा मात्रा. ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ मोजली तरी 8 आणि 8, सोळाच. केशवसुतांची ती किंकाळी आणि मर्ढेकरांचे हे मेलेले उंदीर एकाच मापात बसतात, त्यामुळे नुसत्या मापाला अर्थ नसतो. पण एखाद्या ओळीने स्वतःचंच माप मोडलं आणि ती नेमकी मोडण्याबद्दलच बोलत असेल, तर तिथे थांबून विचारायला हवं. हे उदाहरण प्रकल्पात नव्हतं, मी दिलेलंही नव्हतं, आदल्या रात्री तिने आपलं आपण मोजून बघितलं होतं.

मार्क चांगले मिळाले, सर्वोच्च नाही. दुसऱ्या परीक्षकांचा शेरा होता की मर्ढेकरांच्या कवितेचा उत्तरार्ध घाईत उरकलाय, ‘बेकलायटी’ आणि शेवटच्या ‘न्हाले! न्हाले!’ वर काहीच नाही. शेरा शंभर टक्के बरोबर आहे. आमचे नऊ दिवस माझी तीन पानं काढण्यात आणि ती जागा भरण्यात गेले, त्याची किंमत मर्ढेकरांनी मोजली. ‘न्हाले’ हे क्रियापद तर तिच्या ‘पडल्या’च्या मुद्द्याला सरळ प्रश्न विचारतं. पडलेले उंदीर शेवटी न्हातात, म्हणजे उतरण तिथेच संपते का नाही? याचं उत्तर प्रकल्पात नाही.

आता करायचं झालं तर

रेकॉर्डिंग पहिल्याच दिवसापासून सुरू करेन, ड्राफ्टच्या आधी. छापलेली कविता डोळा फार पटकन गिळतो, अडखळणं कानालाच कळतं. अडखळण्याचा रकाना तर मी आता प्रत्येकाला करायला लावते, आणि त्यात लिहिलेलं काहीही खोडायचं नाही असं सांगते.

समीक्षा चार दिवस बंद ठेवली ते योग्यच होतं, पण ती परत कधी उघडायची हे मी ठरवलंच नव्हतं. औदुंबरवर इतकं लिहिलं गेलंय की त्यातलं थोडं तरी तिने स्वतःच्या वाचनाशी भिडवून बघायला हवं होतं, पटलं नाही तर नाही म्हणायलाही. ते राहिलं.

कवितांची विभागणीही मी वेगळी करेन. आम्ही काळाच्या क्रमाने गेलो नाही, औदुंबरपासून सुरुवात केली आणि तिच्यातच रमलो. पण मर्ढेकरांनी अभंग-ओवीची जुनी वळणं आपल्या कवितेत भरपूर वापरलीत, ते अभंगाशेजारी ठेवून वाचलं असतं तर प्राचीन-आधुनिक ही रेघच किती पुसट आहे हे तिला दिसलं असतं. प्रकल्पाच्या शीर्षकातच ती रेघ होती आणि आम्ही दोघींनी तिच्याबद्दल एकदाही शंका घेतली नाही.

आणि माझं बोलणं. आनंद झाला तरी त्या दिवशी फोन ठेवायचा, आपलं जे काही असेल ते आपल्या वहीत लिहायचं, आणि तिचा ड्राफ्ट येऊन गेल्यावरच दाखवायचं. हे आता कसोशीने पाळते. जमतंच असं नाही, पण पाळते.

निकाल लागून दोन-तीन महिने झाले होते, एका रात्री व्हॉट्सॲपवर तिचं रेकॉर्डिंग आलं, सोबत काहीही लिहिलेलं नाही. शेवटची ओळ, ‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर’, दोनदा म्हटलेली. पहिल्यांदा ‘असला’वर जोर, बोट दाखवून सांगावं तसं, असला, हा असा. दुसऱ्यांदा ‘बसला असला’ एका दमात, बसला असावा असं दुरून अंदाजाने म्हणावं तसं. मी दोन्ही परत परत ऐकली आणि तिला विचारलं, तुला कुठलं वाटतं? तिचं उत्तर आलं, ‘अजून ठरत नाहीये, रोज म्हणून बघतेय.’